‘बोर्ड’ या शब्दाचे गोत्र

(प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



मराठी मुलाच्या कानावर ‘पान’ हा शब्द किती निरनिराळ्या अर्थांनी पडतो, याचा प्रथम विचार करावा. पिंपळाचे पान, पुस्तकाचे पान, विड्याचे पान, पत्त्यांतले पान. आणि घरी पंगत असली म्हणजे स्वयंपाकघरातून येणारा ‘पाने मांडली का?’ हा प्रश्न. मांडलेली ताटे स्टीलची असतात, तरी वाढली जातात ती पानेच. सहा वर्षांचे मूल यांपैकी एकाही ठिकाणी अडखळत नाही. त्याच्याकडून कोणी हे पाच अर्थ पाठ करून घेतलेले नसतात. झाडाचे पान त्याने हाताळलेले असते, केळीच्या पानावर किंवा पत्रावळीवर ते जेवलेले असते, आणि पुस्तकाचा पातळ, उलटता येणारा कागद त्याला पानासारखाच दिसतो. वस्तू ठाऊक असली की तिच्यापासून निघालेले अर्थ आपोआप उलगडतात.

हेच मूल इंग्रजीच्या तासाला बसले म्हणजे मात्र चित्र पालटते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. वर्गात समोरच दिसणारी वस्तू म्हणून ‘बोर्ड’ हा शब्द मुलाला फार लवकर भेटतो, आणि ‘बोर्ड म्हणजे फळा’ ही खूणगाठ पक्की बसते. पुढे एखाद्या धड्यात प्रवासी जहाजाच्या ‘बोर्डावर’ गेले असे वाक्य येते. जहाजात फळा कोठून आला, या प्रश्नाने मूल बुचकळ्यात पडते. त्यानंतर कोठे बोर्ड म्हणजे जेवणखाण निघते, कोठे परीक्षा घेणारे मंडळ निघते, कोठे पुठ्ठा निघतो. शब्दकोश उघडावा, तर एकाखाली एक आकडे घालून अर्थांची रांगच उभी. ही रांग पाठ करा, असे शिक्षक सांगतो. कारण त्यालाही त्याच्या लहानपणी तसेच सांगण्यात आलेले असते. इंग्रजी ही लहरी भाषा आहे, तिला ना आगा ना पीछा, अशी जी समजूत खेड्यातील हुशार मुलांच्याही मनात घर करते, तिचे मूळ बहुधा अशा पाठांतरात सापडते.

वस्तुतः ‘बोर्ड’ला आगाही आहे आणि पीछाही आहे. हजार वर्षांहून अधिक जुन्या इंग्रजीत हा शब्द आढळतो आणि त्याचा अर्थ फळी असा आहे. लाकूड चिरून काढलेली सपाट, पातळ, लांबरुंद फळी. मुलाला एवढे एकच चित्र प्रथम द्यावे. बाकीचा सारा संसार या फळीवर उभा आहे.

त्या काळच्या इंग्रज योद्ध्याची ढाल लाकडी फळ्यांचीच असे. म्हणून जुन्या इंग्रजी काव्यात ‘बोर्ड’ हा शब्द ढालीलाही लावलेला आहे. हा अर्थ आज मावळला आहे. पण संस्कृत जाणणाऱ्याला त्यात एक गंमत दिसेल. संस्कृतातील ‘फलक’ या शब्दाचेही फळी आणि ढाल असे दोन्ही अर्थ आहेत. एकाने दुसऱ्याकडून काही उसने घेतलेले नाही. फळीची ढाल दोन्हीकडे होती, म्हणून दोन्ही भाषांची वाट एकाच वळणाने गेली.

आता ही फळी घरात येते. मध्ययुगीन इंग्लंडात जेवणाचे मेज म्हणजे पुष्कळदा नुसती एक लांब फळी असे. जेवणवेळी लाकडी घोड्यांवर ती आडवी टाकायची आणि जेवण उरकले की उचलून भिंतीशी उभी करायची. त्यामुळे ‘बोर्ड’ म्हणजे मेज असा अर्थ रूढ झाला, आणि मेजावर जे वाढले जाई त्या अन्नालाही तेच नाव मिळाले. मराठीत पानावरच्या अन्नाला ‘पान’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. राहण्याजेवण्याची सोय या अर्थाने ‘बोर्ड अँड लॉजिंग’ ही जोडी जी पाट्यांवर दिसते, तिच्यातील ‘लॉजिंग’ म्हणजे राहणे आणि ‘बोर्ड’ म्हणजे जेवण. पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी जेवणारा तो ‘बोर्डर’ आणि जेथे विद्यार्थ्यांना राहण्याबरोबर जेवणही मिळते ती ‘बोर्डिंग’ शाळा.

‘बोर्डिंग’ हा शब्द मराठीत आला तो नुसत्या पाटीवरचा शब्द म्हणून आला नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढे तेथे निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह चालू केले, त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते देण्यात आले. त्या बोर्डिंगात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. घरी परतायला वाट होती, पण घरी भाकरी नव्हती, अशीही मुले त्यांत होती. मुलांच्या जेवणासाठी पैसा उरला नाही, तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही गहाण पडले. ‘बोर्ड’ या शब्दातील अन्नाचा अर्थ खुद्द इंग्रजांच्या शाळांत फीच्या आकड्यांत दडून गेला होता. साताऱ्यात तो पुन्हा मूळ रूपाने, म्हणजे मुलापुढे वाढलेल्या भाकरीच्या रूपाने दिसला. ‘वसतिगृह’ हा मराठी प्रतिशब्द शुद्ध आणि सुटसुटीत आहे खरा. परंतु त्यात वस्ती आहे, जेवण नाही. जुनी माणसे अजून ‘आम्ही बोर्डिंगात वाढलो’ असेच म्हणतात. त्यांच्या या बोलण्याला अशुद्ध ठरवण्याची घाई शिक्षकाने करू नये.

मेजाभोवती माणसे जेवायला बसतात, तशी विचारविनिमयालाही बसतात. कारभाराची मसलत करण्यासाठी जी माणसे एका मेजाभोवती जमत, त्या माणसांच्या समुदायालाच मेजाचे नाव पडले. लाकडाचे नाव माणसांना मिळाले म्हणून हसू येण्याचे कारण नाही. न्यायाधीश ज्यावर बसतात त्या बाकावरून इंग्रजीत त्यांना ‘बेंच’ म्हणतात आणि मराठीत न्यायालयाचे ‘खंडपीठ’ असते. पीठ म्हणजेही मूळचे आसनच. फ्रेंचमधून आलेला ‘ब्यूरो’ हा शब्द आधी जाडेभरडे कापड होता, मग ते कापड अंथरलेले मेज झाला आणि शेवटी कचेरी झाला. फारसीतून आलेल्या ‘दिवाण’ची कथा तर याहून लांब आहे: हिशेबाची वही, ती वही ठेवणारी कचेरी, त्या कचेरीचा प्रमुख आणि अखेर बैठकीच्या खोलीतील गादीचे आसन. मराठी घरात ‘दिवाणावर बसा’ असे पाहुण्याला म्हणताना कोणाला संस्थानचा दिवाण आठवत नाही.

मसलतीचे हे ‘बोर्ड’ हिंदुस्थानच्या इतिहासातही येऊन बसले. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करण्यासाठी १७८४ च्या कायद्याने लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ स्थापन झाले. शिक्षकाला अधिक जवळचे बोर्ड म्हणजे मुंबई इलाख्याचे ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’. १८४० ते १८५५ या पंधरा वर्षांत इलाख्यातील सरकारी शिक्षणाचा कारभार या बोर्डाने पाहिला, आणि ज्या प्रश्नासाठी हे व्याख्यान आहे तोच प्रश्न या बोर्डापुढे फार मोठ्या स्वरूपात उभा राहिला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह इंग्रजीतून शिक्षण देण्याचा होता. बोर्डाचे सदस्य जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यास विरोध केला. इंग्रजी शिकू नये, असे त्यांचे म्हणणे नव्हते. इंग्रजी शिक्षणाच्या संस्थांना त्यांचा सढळ हात लागलेला होता. सर्वसामान्य लोकांपर्यंत ज्ञान पोहोचायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोहोचेल, हे त्यांचे मत होते, आणि कर्नल जर्व्हिस यांच्यासारखा युरोपियन सदस्यही त्यांच्या बाजूचा होता. म्हणजे एकाच बोर्डाभोवती बसलेल्या माणसांत मराठी मुलाने कोणत्या भाषेत विचार करावा याचा वाद झाला. त्या वादाची धग अद्याप पुरती विझलेली नाही.

इंग्लंडातील प्राथमिक शिक्षणाचा कायदा १८७० चा. त्याने गावोगाव निवडणुकीने ‘स्कूल बोर्ड’ नेमण्याची तरतूद केली आणि त्या बोर्डांनी काढलेल्या शाळांना लोक ‘बोर्ड स्कूल’ म्हणू लागले. स्त्रियांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हते, त्या काळी या स्कूल बोर्डांवर त्या निवडून येऊ शकत. लंडनच्या पहिल्याच बोर्डावर १८७० मध्ये एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस या दोघी निवडून आल्या. १९०२ च्या कायद्याने ती बोर्डे गेली. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डांची घडी बसली. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपवले आणि १९४७ च्या कायद्यात जिल्हा स्कूल बोर्डांची व्यवस्था आली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ही बोर्डे इतिहासजमा झाली. पण शब्द चिवट असतात. जिल्हा परिषद होऊन कित्येक वर्षे लोटली, तरी गावातील म्हातारी माणसे शाळेला ‘लोकलबोर्डाची शाळा’ म्हणत. दहावीच्या परीक्षेला ‘बोर्डाची परीक्षा’ म्हणतात ती प्रथा तर आजही जोरात आहे. त्या बोर्डाचे मराठी नाव ‘मंडळ’. येथे दोन भाषांच्या दृष्टीतील फरक मुलांना दाखवण्याजोगा आहे. इंग्रजाने मध्ये ठेवलेली फळी पाहिली आणि तिचे नाव घेतले; मराठीने भोवती बसलेल्या माणसांचे वर्तुळ पाहिले आणि ‘मंडळ’ म्हटले.

जहाजावरच्या ‘बोर्डा’चा उलगडा मात्र फळीवरून पुरता होत नाही. येथे पुन्हा ‘पान’ मदतीला येते. ‘मद्यपान’, ‘दुग्धपान’ यांतले ‘पान’ आणि झाडाचे ‘पान’ हे कानाला एकच वाटतात. परंतु झाडाचे पान संस्कृत ‘पर्ण’पासून आले आहे आणि पिण्याचे पान ‘पा’ या धातूपासून. दोन वेगळ्या झऱ्यांचे पाणी एका डबक्यात आले, एवढेच. ‘बोर्ड’चे असेच झाले आहे. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातील भाषा आहे, त्या कुळात फळी या अर्थाचा एक आणि कड, काठ या अर्थाचा एक असे दोन सारखे दिसणारे शब्द होते. इंग्रजीत ते एकमेकांत इतके मिसळले की काही ठिकाणी कोशकारांनाही ते वेगळे करता येत नाहीत. जहाजाच्या बाजूला ‘बोर्ड’ म्हणत ते या दुसऱ्या शब्दामुळे. जहाजाच्या कडेवरून आत पाऊल टाकले की माणूस ‘ऑन बोर्ड’ झाला. कडेवरून पाण्यात पडला तर ‘ओव्हरबोर्ड’. कड या अर्थाचा हा जर्मानिक शब्द फ्रेंचमध्येही गेला होता. तेथे त्याला नवा प्रत्यय लागला आणि तो ‘बॉर्डर’ होऊन इंग्रजीत आला. देशाची सीमा ती बॉर्डर आणि साडीचा काठही बॉर्डर. मराठीत नदीलाही काठ असतो आणि लुगड्यालाही काठ असतो, हे ज्या मुलीला ठाऊक आहे तिला यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

जहाजाच्या उजव्या बाजूला इंग्रजीत ‘स्टारबोर्ड’ म्हणतात. यात तारा शोधू नये. जुन्या नौकांना मागे मधोमध सुकाणू नसे. उजव्या बाजूला एक मोठे वल्हे बांधलेले असे आणि त्याने नौका वळवीत. ‘स्टिअर’ म्हणजे वळवणे, हाकणे. वळवण्याची बाजू ती ‘स्टारबोर्ड’. ते वल्हे धक्क्यावर आपटू नये म्हणून नौका डाव्या अंगाने किनाऱ्याला लावीत. डाव्या बाजूचे जुने नाव ‘लारबोर्ड’. वादळात ओरडून दिलेल्या हुकमात ‘स्टारबोर्ड’ आणि ‘लारबोर्ड’ यांची गल्लत होई; म्हणून ब्रिटिश आरमाराने १८४४ साली दुसरा शब्द बंद करून ‘पोर्ट’ वापरण्याचा हुकूम काढला. सारखे ऐकू येणारे शब्द जिवावर बेततात, याचे इतके चोख उदाहरण क्वचितच मिळेल. पुढे जहाजाचा शब्द आगगाडीने घेतला, आगगाडीचा विमानाने घेतला, आणि आज विमानतळावर जो ‘बोर्डिंग पास’ हाती पडतो त्याचा बोर्डिंगातील जेवणाशी संबंध नाही. तो जहाजाच्या कडेचा वंशज आहे.

येथेच एक धोका सांगितला पाहिजे. शब्दांची नाती जुळवण्याचा छंद गोड असतो आणि गोडीच्या भरात माणूस वाटेल ती सोयरीक जमवतो. इंग्रजीत ‘कपबोर्ड’ आहे, त्याचा उच्चार ‘कबर्ड’ होतो. मराठीत ‘कपाट’ आहे. तेव्हा कपाट हा कपबोर्डाचा अपभ्रंश, असे मोठ्या विश्वासाने सांगणारे लोक भेटतात. ‘कपबोर्ड’ म्हणजे मुळात पेले मांडून ठेवण्याची उघडी फळी किंवा मेज. तिला दारे पुढे आली. ‘कपाट’ हा स्वच्छ संस्कृत शब्द आहे, त्याचा अर्थ दाराची फळी; ‘कवाड’ हे त्याचेच दुसरे रूप. इंग्रज या देशात येण्यापूर्वी कित्येक शतके कपाटे उघडत होती आणि मिटत होती. नाद जुळला म्हणजे नाते जुळले असे नव्हे. जुना वापर कोठे सापडतो आणि अर्थाची पायरी कशी चढली, हे दाखवता आले तरच व्युत्पत्ती सांगावी. नाही तर मौन बरे.

इतर अर्थ थोडक्यात आटोपता येतात. जुगारात हात मेजाच्या वर ठेवून खेळणारा प्रामाणिक, म्हणून सरळ व्यवहाराला ‘अबव्ह बोर्ड’ म्हणू लागले. रंगमंच फळ्यांचा, म्हणून नटाच्या पेशालाही फळ्यांचे नाव लागले. युरोपात जुन्या ग्रंथांच्या बांधणीला खऱ्याखुऱ्या लाकडी फळ्या असत. पुढे पुठ्ठे आले, तरी त्यांनाही ‘बोर्ड’च म्हणत राहिले. मराठी घरांत पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवून वर कापडाचे बस्तान बांधीत. ती फळी ज्याने पाहिली आहे त्याला पुस्तकाच्या कव्हराला ‘बोर्ड’ का म्हणावे, हे सांगावे लागत नाही.

मुलाला जो अर्थ सर्वांत आधी शिकवला जातो, तो फळ्याचा अर्थ, या घराण्यात अगदी धाकटा आहे. ‘ब्लॅकबोर्ड’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीचा. एडिंबरो येथील शिक्षक जेम्स पिलन्स यांनी भूगोल शिकवण्यासाठी मोठा काळा फळा आणि रंगीत खडू वापरले, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात नमूद आहे. त्यापूर्वी प्रत्येक मुलाजवळ आपापली पाटी असे, पण सर्वांनी एकाच वेळी पाहावे असे काही समोर नसे. महाराष्ट्रातील जुन्या शाळांत धूळपाटी होती. फळीवर धूळ पसरून तीवर अक्षरे गिरवीत, त्यांनाच ‘धुळाक्षरे’ म्हणत. म्हणजे फळीवर लिहिणे येथे नवे नव्हते. भिंतीवर टांगलेली आणि साऱ्या वर्गाची मिळून असलेली फळी नवी होती. आता फळा हिरवा झाला, पांढरा झाला, कोठे काचेचा झाला, कोठे विजेवर चालू लागला. लाकूड केव्हाच नाहीसे झाले. तरी इंग्रजीत तो ‘बोर्ड’ आहे आणि मराठीत ‘फळा’च आहे. संगणकाच्या ‘कीबोर्ड’ला मराठीने ‘कळफलक’ हे नाव दिले, तेव्हा ‘फलक’ हा ढालीच्या काळातला शब्द पुन्हा कामाला लागला.

वर्गात हे सारे एका दिवशी सांगावयाचे नाही. पहिली-दुसरीच्या मुलाला ‘बोर्ड म्हणजे फळा’ एवढे पुरे. फक्त शिक्षकाने त्याच वेळी हातात एखादी खरी फळी किंवा घरचा पाट घेऊन ‘हाही बोर्ड’ असे दाखवावे, म्हणजे पुढची वाट मोकळी राहते. तिसरी-चौथीत शब्द नव्या अर्थाने भेटला की त्या फळीवर तो अर्थ मांडावा: आज तिच्यावर भाकरी ठेवली, आज तिच्याभोवती पाच मुले पंच म्हणून बसवली. जहाजाचा अर्थ आला म्हणजे फळ्यावर होडीचे चित्र काढावे, तिची कड ठळक करावी आणि हा बोर्ड वेगळ्या घराण्यातला आहे हे सांगून टाकावे. अर्थांची यादी वहीत उतरवून घेऊ नये. तिच्याऐवजी मुलांना मराठीतीलच एखादा शब्द घरून शोधून आणायला लावावा. ‘पाट’ हा त्यासाठी उत्तम आहे. बसायचा पाट, पाण्याचा पाट, लग्नातला पाट. कोकणातील मूल आणि देशावरचे मूल यांचे पाट सारखे निघणार नाहीत, आणि पाण्याचा पाट बसायच्या पाटाचा भाऊ की नुसता नामसदृश, यावर वर्गात भांडण जुंपेल. ते तासभर चालू द्यावे.